टर्मिनेजच्या नादी लागण्याआधी

एमएस्सी करून प्रकल्प सहायक म्हणून लागले, तेव्हा कितीतरी विषाणूंचं कवच आधी बनतं आणि डीएनए नंतर आत भरला जातो, एवढंच ठाऊक होतं. भरतं कोण, हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. डोंबिवलीहून निघायचं, कुर्ल्याला गाडी बदलायची आणि उभ्याउभ्या पेपर वाचायचे. या विषयात लोकलच्या गर्दीची उपमा सगळे देतात. मला ती पटत नाही. लोकलमध्ये माणसं आपणहून घुसतात. डीएनएला मात्र बाहेरच राहायचं असतं. फाय२९ या जिवाणूभक्षी विषाणूचा डीएनए साधारण ६,६०० नॅनोमीटर लांब, आणि कवच जेमतेम ५४. कवचाच्या दारावरची प्रथिनांची मोटर एटीपी (पेशीचं इंधन) खर्चून तो आत कोंबते. २००१ साली तिचा जोर मोजला, तर ५७ पिकोन्यूटनच्या (बलाचं अतिसूक्ष्म एकक) आसपास उलट ओढ लावेपर्यंत ती थांबेना.

रचना बघताना चित्राला भुलू नका, आधी आकडे मोजा. कवचाच्या एका कोपऱ्यावर पोर्टलची, म्हणजे डीएनए आत जायच्या दाराच्या प्रथिनाची, बारा प्रतींची कडी बसते, पण तो कोपरा पंचकोनी. बारा पाचात बसवायचे कसे? मी क्रायो-ईएमच्या (गोठवलेल्या नमुन्यांच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीच्या) एका नकाशात आठवडाभर पोर्टल शोधत होते. नकाशा तयार करताना साठपट सममिती लादलेली होती, त्यामुळे बाराची कडी सरासरीत पुसली गेली होती. नकाशा उतरवून घेताना कोणती सममिती लावली आहे ते आधी वाचा. माझा आठवडा तुमचा जाऊ नये.

मोटरचं इंजिन म्हणजे मोठं टर्मिनेज, एटीपी फोडून डीएनए आत ओढणारं प्रथिन. टी४ या जिवाणूभक्षी विषाणूच्या जीपी१७ ची, म्हणजे त्याच्या मोठ्या टर्मिनेजची, रचना २००८ साली आली: एका टोकाला एटीपी फोडणारा भाग, दुसऱ्या टोकाला डीएनए कापणारा. म्हटलं, अख्खं प्रथिन ई. कोलाय या जिवाणूमध्ये बनवू. ३७ अंशांवर वाढवलं, सगळं प्रथिन न विरघळता गाळात. मग १८ अंशांवर रात्रभर ठेवलं आणि फक्त एटीपीवाला भाग घेतला, तेव्हा कुठे शुद्धीकरणाच्या कॉलमवर काही दिसलं.

खरी फजिती पुढे. मॅलॅकाइट ग्रीनची चाचणी लावली, तर प्लेट हिरवीगार, प्रथिन न घातलेल्या खळग्यासकट! ही चाचणी एटीपी फुटल्यावर निघणारा सुटा फॉस्फेट मोजते, आणि मी बफर घेतला होता फॉस्फेटचाच. ट्रिस हा फॉस्फेट नसलेला बफर घेतल्यावर आकडे सुधारले, तरी सरांनी विचारलं, "हे तुझ्या प्रथिनाचं काम कशावरून? ई. कोलायचं एखादं एटीपीएज, एटीपी फोडणारं प्रथिन, सोबत आलं असेल तर?" वॉकर ए मोटिफ (एटीपी धरायची जागा) मधलं लायसिन बदलून निकामी केलेलं प्रथिन तसंच शुद्ध करून शेजारी कंट्रोल म्हणून, तुलनेसाठी, ठेवायला हवं होतं. ते करायला आणखी दोन महिने गेले.

नोकरीचं विचाराल, तर सायटोमेगॅलोव्हायरस या माणसाला होणाऱ्या विषाणूवरचं लेटरमोविर हे औषध टर्मिनेजलाच अडवतं; अमेरिकेत त्याला २०१७ साली मंजुरी मिळाली. मुलाखतीत हे सांगितलं की समोरचे जरा सरसावून बसतात. पुढचा प्रश्न मात्र कंट्रोल काय ठेवला होता, हाच असतो.