इस्रायलच्या बाजारात भाजी घेताना

जेरुसलेमच्या महाने येहुदा किंवा तेल अवीवच्या कार्मेल बाजारात उभं राहिलात की आधी एकच शब्द पाठ हवा: ‘एफशार’, म्हणजे ‘मिळेल का?’ हिब्रूत ‘मला हवंय’ म्हणताना पुरुषाने ‘अनी रोत्से’ आणि बाईने ‘अनी रोत्सा’ म्हणायचं असतं. ‘एफशार’ला ती अडचण नाही. ‘एफशार खत्सी किलो अग्वानियोत?’ म्हणजे अर्धा किलो टोमॅटो मिळतील का? यातला ‘ख’ घशातून खरवडून काढा. भाव विचारायला ‘कमा ओले किलो?’

कांदा ‘बात्साल’, लसूण ‘शूम’, भेंडी ‘बाम्या’, तिखट मिरची ‘पिलपेल खरीफ’. बटाटा ‘तपुआख अदामा’, शब्दशः जमिनीतलं सफरचंद. नुसतं ‘तपुआख’ म्हणालात तर खरंच सफरचंद मिळेल! कोथिंबिरीला ‘कुस्बारा’ म्हणतात. शेजारीच तशीच दिसणारी जुडी असते ती ‘पेत्रोझिल्या’, म्हणजे पार्स्ली. आमटीत ती पडली की सगळी चवच बदलते, म्हणून पान चुरडून वास घ्याच.

शुक्रवारी दुपारी शब्बातसाठी, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार संध्याकाळपर्यंतच्या ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवसासाठी, बाजार बंद होतो. शनिवारची भाजी त्याआधीच घ्या.