जुने कपडे पुनर्चक्रणासाठी देण्याआधी

कपडा अजून अंगावर घालण्याजोगा आहे का, हे सर्वांत आधी पाहावे. उसवलेली शिवण किंवा बिघडलेली चेन एवढ्यावरून कपडा बाद ठरवू नये, कारण रफू करून तो आणखी दोन वर्षे वापरला तर जेवढे पाणी, रंग आणि ऊर्जा वाचते, तेवढी त्याच कपड्याच्या चिंध्या करून कधीच वाचत नाही. वस्तूंच्या पुनर्वापरासाठी काम करणाऱ्या एलन मॅकार्थर फाउंडेशन या संस्थेच्या २०१७ च्या अहवालाप्रमाणे, कपड्यांसाठी लागणाऱ्या मालापैकी १ टक्क्याहूनही कमी माल पुन्हा नव्या कपड्यांत येतो. हा आकडा मला अस्वस्थ करतो, आणि म्हणूनच घरातली निवड काळजीने करावी असे मी आग्रहाने सांगतो.

जे खरोखरच वापरण्यापलीकडे गेले असेल, त्याची वर्गवारी धाग्यानुसार करावी. शुद्ध सुती, शुद्ध लोकरी, शुद्ध पॉलिएस्टर आणि मिश्र असे चार ढीग पुरेसे आहेत. सुती आणि लोकरी कापड यंत्रात फाडून पिंजले जाते व त्यातून पुन्हा सूत कातले जाते. मात्र या प्रक्रियेत तंतू आखूड होतात, त्यामुळे मजबुतीसाठी त्यांत बहुधा नवे, लांब तंतू मिसळावे लागतात. पॉलिएस्टर वितळवता येते किंवा रासायनिक प्रक्रियेने त्याच्या मूळ घटकांपर्यंत नेता येते. खरी अडचण मिश्र कापडाची आहे. सूत आणि पॉलिएस्टर एकाच धाग्यात कातलेले असतील तर ते वेगळे करणे कठीण व खर्चिक ठरते, आणि कापडाला ताणले जाण्याची लवचीकता देणारे इलॅस्टेन थोडेसे असले तरी प्रक्रियेत अडथळा आणते. असे कापड बहुधा पुसणी, गाद्यांचे भरण किंवा उष्णतारोधक थर यांसाठीच जाते.

कापड कोणत्या धाग्याचे आहे हे कपड्याच्या आतल्या पट्टीवर लिहिलेले असते; ती पट्टी कापली गेली असेल तर शिवणीच्या आतल्या कडेचा एक धागा चिमट्यात धरून, पाण्याच्या भांड्यावर, मुलांपासून दूर जाळून पाहावा. धागा कापडाचाच घ्यावा, शिलाईचा नव्हे, कारण सुती कपड्याची शिलाईही पुष्कळदा पॉलिएस्टरची असते. सूत कागदासारखा वास सोडून मऊ राख होते, लोकरीला जळक्या केसांचा वास येतो, पॉलिएस्टर आक्रसून त्याचा कडक मणी बनतो. यांपैकी दोन खुणा एकत्र दिसल्या तर कापड मिश्र समजावे.

बटणे व चेन काढण्याआधी संकलन करणाऱ्यांना विचारावे, कारण काही ठिकाणी ती यंत्रानेच वेगळी केली जातात. कपडे धुऊन पूर्ण वाळवूनच पिशवीत भरावेत. एका दमट कपड्याची बुरशी साऱ्या गासडीत पसरू शकते. तेल, रंग किंवा रसायन मुरलेले कापड या ढिगांत मिसळू नये. प्रत्येक पिशवीवर धाग्याचे नाव ठळक लिहावे.