गेम बनवायचाय? आधी मराठी जोडाक्षरं लिहून बघा

बेळगावच्या उद्यमबागेत दिवसभर सीएनसी म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनचे प्रोग्राम लिहिणारा हा माणूस रात्री गेम बनवतो, हे शहापुरातल्या आमच्या गल्लीत कळल्यापासून सुट्टीत पोरं लॅपटॉप घेऊन दारात येतात. "मामा, युनिटी घालून दे की!" युनिटी म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर, अशांना 'इंजिन' म्हणतात. मी आधी लॅपटॉप बघतो. बहुतेकांकडं थोरल्या भावाचा किंवा बहिणीचा कॉलेजातला जुना असतो: चार जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, सी ड्राइव्ह भरून लाल झालेला. सॉफ्टवेअर निवडायचं ते या मशीनकडं बघून. यूट्यूबवरच्या माणसाच्या मशीनकडं बघून निवडलं की डाउनलोडमध्येच नेट संपतं.

दहा-बारा वर्षांचं पोर असेल तर डोकं न खाजवता स्क्रॅच घ्या. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात तयार झालेलं, 2007 पासून सगळ्यांना खुलं, पूर्ण फुकट. रंगीत ठोकळे जोडले की मांजर चालायला लागतं. नेटशिवाय चालणारं ॲपही मिळतं, त्यामुळं खानापूरकडच्या वाड्यावस्तीवरही अडत नाही.

त्याहून मोठ्यांना मी गोडॉट हे इंजिन देतो. पेनड्राइव्हवर, कारण ते इन्स्टॉल करावंच लागत नाही. झिप सोडवायची आणि फाइलवर डबल क्लिक. 2014 पासून ते ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला, आणि परवाना 'एमआयटी' नावाचा. म्हणजे उद्या तुमचा गेम विकला गेला तरी कुणाला एक पैसा द्यायचा नाही. नवीन प्रोजेक्ट करताना रेंडरर (पडद्यावर चित्र उमटवायची पद्धत) विचारतं, तिथं 'कॉम्पॅटिबिलिटी' निवडा, जुन्या लॅपटॉपचा जीव वाचतो. गेम बाहेर काढायला लागणारी एक्स्पोर्ट टेम्प्लेट्स मात्र वेगळी उतरवायची असतात आणि ती मूळ सॉफ्टवेअरपेक्षा कितीतरी मोठी असतात. तेवढं काम कुणाच्यातरी वायफायवर उरका.

आता माझी परीक्षा, जी इंग्रजी व्हिडिओंत कुणी सांगत नाही. कुठलंही इंजिन घ्या, पडद्यावर मजकुराची एक चौकट टाका आणि त्यात लिहा: 'किल्ल्याच्या पायऱ्या'. गेम चालवून बघा. वेलांटी 'क'च्या आधी दिसते का? 'ल्ल्या' एकत्र राहतो की पाय मोडलेले 'ल' एकामागं एक उभे राहतात? 'पायऱ्या'तला 'ऱ्या' शाबूत आहे का? गोडॉट 4 यात पास होतं. जुनं गोडॉट 3 नापास, म्हणून कुणी जुनी आवृत्ती दिली तर घेऊ नका. युनिटीत मजकूर दाखवायला नेहमी वापरतात त्या टेक्स्टमेशप्रोमध्येही आपली अक्षरं मोडतात. वेगळी सोय जोडून दुरुस्त करता येतं, पण नवशिक्याला तो ताप कशाला?

फॉन्ट विकत घेऊ नका. मुक्ता आणि नोटो सान्स देवनागरी हे दोन्ही फुकट आहेत आणि गेमसोबत वाटायलाही परवानगी आहे. फाइल प्रोजेक्टच्या फोल्डरात ठेवून लेबलला, म्हणजे मजकुराच्या चौकटीला जोडा. लॅपटॉपवर विंडोजचा फॉन्ट उसना घेऊन मराठी दिसते, त्यामुळं काम झालंय असं वाटतं. तोच गेम ब्राउझरमध्ये टाकला की नुसते चौकोन. आपल्याकडं शेजारचा दोस्त कन्नड शाळेतला असतोच, त्यामुळं नोटो सान्स कन्नड हा फॉन्ट मराठी फॉन्टच्या फॉलबॅक यादीत (एका फॉन्टात अक्षर नसलं तर पुढचे कुठले बघायचे ती यादी) घालून ठेवा. गोडॉटला भाषांतराचा तक्ता सीएसव्ही (स्वल्पविरामांनी स्तंभ पाडलेल्या साध्या मजकुराच्या) फाइलमध्ये देता येतो: एका स्तंभात मराठी, शेजारी कन्नड. फाइल सेव्ह करताना एन्कोडिंग यूटीएफ-8 हेच निवडा, नाहीतर अक्षरं बिघडतात. दिवाळीतल्या मातीच्या किल्ल्यावर मावळा चढवणारा साधा गेमसुद्धा मग दोन्ही घरांत खेळला जातो.

कोड अजिबात नको म्हणणाऱ्यांना जीडेव्हलप. 'हे घडलं तर ते कर' अशा ओळी मांडायच्या. ब्राउझरात चालतं, अँड्रॉइड फोनवरही. फुकट खात्यात क्लाउडवरून ॲप बनवण्यावर मर्यादा आहे, शिकताना ती आड येत नाही.

'फ्री' शब्द दिसला की तो कुठपर्यंत फ्री, हे वाचा. गेममेकर हे इंजिन, बनवलेला गेम विकायचा नसेल तोवर फुकट. कमवायचं असेल तर एकदाच 99.99 डॉलर. युनिटी पर्सनल वर्षाला दोन लाख डॉलर कमाईपर्यंत फुकट. अनरिअल या बड्या इंजिनला गेमची कमाई दहा लाख डॉलरपुढं गेली की पाच टक्के हिस्सा. या रकमा ऐकून पोरं हसतात, "तेवढे मिळाले तर देऊ की!" खरंय. पण युनिटीनं सप्टेंबर 2023 मध्ये इन्स्टॉलमागं पैसे घ्यायचं जाहीर केलं आणि वर्षभरानं ते मागं घेतलं. नियम कंपनीच्या हातात असतात, एवढं त्यावरून ध्यानात ठेवा. अनरिअल चांगलंच आहे, फक्त वर सांगितलेल्या लॅपटॉपवर ते टाकू नका. आणि क्रॅक केलेलं काही तर नकोच. इतकं फुकट असताना चोरीचा व्हायरस घरात आणायचा कशाला?

चित्रांसाठी क्रिटा, पिक्सेलच्या चित्रांसाठी लिबरस्प्राइट, आवाजासाठी ऑडेसिटी, थ्रीडी लागलंच तर ब्लेंडर. सगळी फुकट. चित्र काढता येत नसेल तर केनी (Kenney) नावाच्या साइटवरची तयार चित्रं घ्या. ती सीसी0 परवान्याची आहेत, म्हणजे कशीही वापरा, नाव देण्याचंही बंधन नाही.

खर्च येतो तो गेम लोकांपर्यंत न्यायचा म्हटल्यावर. इच डॉट आयओ या गेमच्या साइटवर टाकायला काही पडत नाही, सुरुवात तिथंच करा. प्ले स्टोअरचं खातं 25 डॉलर, एकदाच. स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या दुकानाला प्रत्येक गेममागं 100 डॉलर. पैसे भरण्याआधी कार्डावर परदेशी व्यवहार चालू करून घ्या, नाहीतर पेमेंट अडकतं. प्ले स्टोअरवर नवीन वैयक्तिक खात्याला आणखी एक अट आहे: निदान बारा जणांनी सलग चौदा दिवस चाचणीत राहायचं. बारा जण गणपती मंडळात मिळतात. त्यातलं कुणी मधेच चाचणीतून बाहेर पडू नये म्हणून रोज मागं लागायची तयारी ठेवा, आणि दोन-चार जण जादाच घ्या.