गाडी दाखवण्याआधी एवढं करा

जुनी गाडी बघायला आलेला माणूस बॉनेट उघडतो आणि बॅटरीवरचा पांढरा-हिरवा थर दिसला की तिथंच भाव पाडतो. खायचा सोडा कोमट पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशनं टर्मिनल घासा, कोरडे पुसा, वायर परत लावून झाल्यावर वरून व्हॅसलीन फिरवा. वायर काढताना आधी निगेटिव्ह, लावताना ती शेवटी.

मग एसीचा केबिन फिल्टर. बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागं असतो. बीड-जालन्याकडच्या फुफाट्यानं तो गच्च भरतो, हवा कमी येते आणि गिऱ्हाईक म्हणतं, गॅस गेलाय. झटकत बसू नका, नवाच टाका. उन्हानं कडक झालेलं वायपरचं रबरही बदला.

इंजिन मात्र प्रेशरच्या पाण्यानं धुऊ नका. सेन्सरमध्ये पाणी शिरतं. शिवाय चकचकीत इंजिन दिसलं की जाणता मेकॅनिक गळती शोधायला खाली वाकतोच.