इम्युनोग्लोब्युलिन सुरू असताना गावातले दिवस कसे आखावेत

ज्यांच्या शरीरात प्रतिपिंडे पुरेशी तयार होत नाहीत, त्यांना दर ३ ते ४ आठवड्यांनी शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचे औषध, घ्यावे लागते. रक्तदात्यांच्या प्लाझ्मापासून, म्हणजे रक्तातल्या द्रव भागापासून, बनवलेल्या या औषधातले आयजीजी (मुख्य प्रकारचे प्रतिपिंड) साधारण २१ दिवसांत निम्मे उरते, त्यामुळे पुढच्या तारखेआधीच्या आठवड्यात अंग मोडून येणे, सांधे दुखणे, थकवा वाटणे असा त्रास अनेकांना होतो. हेच औषध घेणाऱ्या आमच्या थोरल्या भावाला कितीतरी महिने हा त्रास म्हणजे आपला आळस वाटत असे आणि त्याच दिवसांत तो कापूस वेचायला जात असे. म्हणून पहिले काम हे की, कॅलेंडरवर तो आठवडा लाल पेनाने घेरून ठेवावा आणि वेचणी, मळणी, लग्नाचा लांबचा प्रवास त्यात घेऊ नये. त्रास दर वेळी होत असेल, तर तो डॉक्टरांना अवश्य सांगावा. पुढच्या डोसच्या अगदी आधी रक्तातील आयजीजी मोजून त्यांना मात्रा किंवा अंतर बदलता येते.

औषधाची बाटली नागपूरहून स्वतः आणावी लागत असल्यास विदर्भातला मे महिना हीच खरी परीक्षा असते. बहुतेक बाटल्या २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायच्या असतात, मात्र गोठलेले औषध निरुपयोगी ठरते. आमची एक बाटली थर्माकोलच्या डब्यात बर्फाच्या पिशवीला चिकटून गोठली आणि टाकून द्यावी लागली. तेव्हापासून आम्ही बाटली आणि बर्फ यांच्यामध्ये सुती पंचाची जाड घडी ठेवतो. घरी भारनियमन असेल, तर बाटली थेट रुग्णालयाच्या फ्रिजमध्ये पोहोचवणे चांगले. ती हलवून फेस आणू नये.

आदल्या दिवसापासून भरपूर पाणी प्यावे, त्याने नंतरची डोकेदुखी कमी होते. सुरुवातीला थेंब हळू सोडले जातात; घाई करण्याचा आग्रह धरू नये आणि थंडी वाजली, छाती दाटली तर लगेच सिस्टरांना सांगावे. बाटलीवरचा लॉट क्रमांक (औषधाच्या खेपेचा क्रमांक), तारीख आणि त्या दिवशीचे वजन वहीत लिहावे, कारण मात्रा वजनावर ठरते.

शेत सोडण्याची गरज नसते, परंतु कुटाराचा (भुशाचा) धुरळा व बुरशी लागलेला कडबा यांपासून दूर राहावे आणि मळणीयंत्राजवळ दुसऱ्याला उभे करावे. पाणी उकळूनच प्यावे, कारण या रुग्णांत जिआर्डिया या आतड्यातल्या परजीवीचा जुलाब लांबतो. ताप आल्यास गावातल्या दुकानातून गोळी घेऊन दोन दिवस वाट पाहू नये. त्याच दिवशी वही घेऊन डॉक्टरांकडे जावे.

सर्वांत जड जाते ती लोकांची कुजबुज. प्रतिकारशक्ती कमी म्हटले की एड्सचा संशय घेतला जातो आणि माणूस पंगतीतून उठून येऊ लागतो. दोन्ही आजारांतल्या कोणत्याही माणसाला दूर लोटण्याचे कारण नाही, तरीही घरच्यांनी एक साधे वाक्य ठरवून ठेवावे: "त्याच्या रक्तात संरक्षणाची प्रथिने कमी बनतात, ती बाहेरून देतात, आणि हा आजार लागत नाही." आमच्या आईने हे वाक्य विहिरीवर, हळदीकुंकवात, सगळीकडे सांगितले, आणि त्या वर्षी भाऊ पोळ्याच्या दिवशी बैलजोडी घेऊन तोरणाखाली उभा राहिला.