डच बेबी पॅनकेक फुगत नाही, तळ ओला राहतो: माझा अनुभव

डच बेबी म्हणजे अंडी, दूध, मैद्याचा, ओव्हनमध्ये फुगवायचा मोठा पॅनकेक; माझ्यात सफरचंदाच्या कच्च्या फोडीही असायच्या. लक्षण असं: कडा जेमतेम वर येतात, मधोमध सफरचंदाखाली पिवळट, रबरासारखा थर. बेकिंग पावडर घालून पाहिली, चौथं अंडं घातलं, दहा मिनिटं जास्त भाजलं, तळ तसाच. वैताग आला.

दोष दोन: भांडं पुरेसं तापलेलं नसणं आणि कच्च्या फळाचं पाणी. हा पॅनकेक फक्त वाफेवर फुगतो. गार भांड्यात वाफ धरायच्या आत पीठ बसतं, त्यावर फोडींचं वजन.

आता क्रम असा. ३ अंडी, १२० मिली दूध (दोन्ही फ्रीजमधून आधी काढून ठेवलेली), ६५ ग्रॅम मैदा, चमचाभर साखर, चिमूट मीठ मिक्सरमधून काढून २० मिनिटं झाकून ठेवायचं. तोवर २५ सेंमीचं बिडाचं पॅन ओव्हनमध्येच २२० अंशांवर तापवायचं. दोन सफरचंदांच्या पातळ फोडी थोडं लोणी, साखर, दालचिनी घालून गॅसवर रस आटेपर्यंत परतायच्या आणि बाजूला ठेवायच्या. मग तापल्या पॅनमध्ये ४० ग्रॅम लोणी; फेस बसला की लगेच, तपकिरी व्हायच्या आत, पीठ मधोमध ओतायचं. ढवळायचं नाही. १८ ते २० मिनिटं दार बंद! ओटीजी (ओट्यावरचा छोटा विजेचा ओव्हन) असेल तर खालच्या-वरच्या दोन्ही कॉइल चालू.

कडा गडद सोनेरी झाल्या की बाहेर. मधला भाग दोन मिनिटांत खाली बसतो, ते बरोबरच आहे. फोडी त्याच खळग्यात. लिंबू पिळून गरमच वाढा.