छोटा टॉय हॉलर घेताय? आधी वजनाचा हिशोब करा

अमेरिकेत साइड-बाय-साइड (शेजारी-शेजारी सीट असलेली छोटी ऑफ-रोड गाडी) किंवा क्वाड (चार चाकांची, बाइकसारखी चालवायची गाडी) घेतली की सुरुवातीला भाड्याचा उघडा ट्रेलर आणि मोटेल असं भागतं, मग हळूहळू घरात विषय निघतो की एकच ट्रेलर असा घेऊया ज्यात गाडी पण जाईल आणि रात्री झोपता पण येईल. त्यालाच इकडे टॉय हॉलर म्हणतात. मागची अख्खी भिंत खाली पडते आणि तिचा रॅम्प होतो, आत गॅरेज, गाडी बाहेर काढली की तेच गॅरेज म्हणजे बेडरूम. आयडिया झकास आहे, वाद नाही. पण बहुतेक लोक उलट्या क्रमाने खरेदी करतात, म्हणजे आधी शोरूममध्ये ट्रेलर आवडतो, मग त्यात गाडी बसते का ते बघतात, आणि आपली होंडा पायलट किंवा टोयोटाची टकोमा पिकअप हे सगळं ओढेल का हा प्रश्न सगळ्यात शेवटी, तोपर्यंत डिपॉझिट दिलेलं असतं.

क्रम असा ठेवा: आधी खेळणं (म्हणजे ती बाइक, क्वाड किंवा साइड-बाय-साइड), मग ओढणारी गाडी, ट्रेलर शेवटी.

खेळण्याचं माप घरीच घ्या. साधी २५० सीसीची डर्ट बाइक अडीचशे पाउंडाच्या आसपास असते, क्वाड ५०० ते ७००, दोन सीटची स्पोर्ट साइड-बाय-साइड साधारण १,४०० ते १,७००, आणि चार सीटची त्याच्याही वर. कॅटलॉगमधलं वजन बहुतेक वेळा ड्राय असतं म्हणजे पेट्रोल, ऑइल काही नाही, आणि त्यावर तुम्ही लावलेलं छप्पर, विंडशील्ड, विंच (केबलने ओढणारी मोटर), स्पेअर टायर, साउंड सिस्टिम हे सगळं धरलं की दोनशे पाउंड कुठे गेले कळत नाही. रुंदी पण बघा. ५० इंची ट्रेल मॉडेल, ६४ इंची, आणि ७२ इंची असे ढोबळ गट आहेत. जंगल खात्याच्या बऱ्याच ट्रेल्सवर ५० इंचांपेक्षा रुंद गाडीला बंदी असते, त्यामुळे डोंगरात फिरणार असाल तर छोटी गाडी आणि छोटा ट्रेलर हे जमून जातं, कॅलिफोर्नियातल्या ग्लॅमिसच्या वाळूत उडवायची असेल तर मग ६४-७२ इंची आली आणि छोटा ट्रेलर हा शब्द जरा सैल धरावा लागतो.

आता हिशोब. ट्रेलरच्या दारापाशी पिवळं स्टिकर असतं, त्यावर लिहिलेलं असतं की सामानाचं वजन इतक्या पाउंडांच्या वर जाता कामा नये. तोच आकडा खरा, ब्रोशरमधला नाही. समजा तिथे २,१०० पाउंड लिहिलंय. १,५०० ची साइड-बाय-साइड आत गेली, उरले ६००. ताज्या पाण्याची टाकी ४० गॅलनची, गॅलनला सव्वाआठ पाउंडांच्या थोडं वर, म्हणजे सुमारे ३३४, उरले २६६. डीलरने नंतर बॅटरी बसवली ती ६० धरा, जनरेटर ५०, उरले दीडशेच. त्यात चार माणसांचे हेल्मेट, कपडे, अंथरुणं, खुर्च्या, कूलर, टूलबॉक्स, प्रेशर कुकर आणि पोह्यांपासून लोणच्यापर्यंतचं आपलं सगळं बिऱ्हाड! बसत नाही, सरळ सरळ बसत नाही. मग एकतर पाणी कॅम्पच्या जवळच्या गावात भरायचं किंवा जास्त क्षमतेचा ट्रेलर बघायचा. मी तरी म्हणेन गाडी, पाणी, बॅटरी, जनरेटर सगळं वजा करून कमीत कमी ५०० पाउंड शिल्लक राहत नसतील तर तो ट्रेलर कितीही गोड दिसला तरी सोडून द्या.

ओढणाऱ्या गाडीचं पण तसंच. सगळे टोइंगचा आकडा बघतात, ५,००० पाउंड, ६,५०० पाउंड वगैरे, आणि ड्रायव्हरच्या दारातलं पेलोडचं (गाडीवर माणसं-सामान मिळून किती वजन चालेल त्याचं) स्टिकर कोणी वाचत नाही. ट्रेलर जितका वजनदार त्याच्या १० ते १५ टक्के वजन हिचवर (गाडीच्या मागच्या, ट्रेलर जोडायच्या जागेवर) येतं, त्याला टंग वेट म्हणतात, आणि ते तुमच्या गाडीच्या पेलोडमधून कापलं जातं. भरलेला ट्रेलर ६,००० पाउंडांचा असेल तर टंग वेट ६०० ते ९००. मिड-साइज पिकअप ट्रकचं पेलोड बऱ्याचदा हजार-बाराशेच्या घरात असतं, चार माणसं बसली की सहाशे तिथेच गेले. म्हणजे कागदावर ६,५०० ओढू शकणारा ट्रक इथे पेलोडमध्येच फेल. मिनिव्हॅनवाल्यांनी तर वाईट वाटून घेऊ नका, टोयोटा सिएना ३,५०० पाउंड ओढते, त्यात दोन डर्ट बाइक आणि एकदम हलका ट्रेलर इतकंच जमेल.

आता टॉय हॉलरचा खरा पेच. साध्या कॅम्पिंग ट्रेलरमध्ये वजन जिथल्या तिथे असतं, इथे दीड हजार पाउंडांचं धूड कधी आत असतं कधी नसतं. गॅरेज एक्सलच्या मागे असेल तर गाडी आत घातली की हिचवरचं वजन उचललं जातं, आणि टंग वेट १० टक्क्यांच्या खाली गेलं की हायवेवर ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. ज्यांनी गावाकडे उसाची ट्रॉली मागे जड भरलेली बघितलीय त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. म्हणून कंपन्या एक्सल थोडा मागे सरकवतात, त्यामुळे गाडी नसताना टंग वेट जास्त दिसतं आणि भरल्यावर कमी होतं. डीलरला नेमकं विचारा की रिकामा असताना किती, आणि अमुक वजनाची गाडी आत असताना किती. गप्प बसला तर पाण्याची टाकी कुठे आहे ते विचारा, एक्सलच्या पुढे असेल तर भरल्यावर हिचवर वजन वाढतं, मागे असेल तर अजून कमी होतं. गाडीसाठी पुढे उघडा डेक असलेले छोटे ट्रेलर पण मिळतात, त्यांचं बरोबर उलटं, गाडी चढवली की टंग वेट धाडकन वाढतं.

घेतल्यावर एकदा ट्रक स्टॉपवरच्या वजनकाट्यावर नेऊन जोखा, सगळं भरून, माणसांसकट. थोडे डॉलर जातात पण एक्सलवार वजनाची पावती हातात येते. ट्रेलर सोडून नुसता ट्रक परत जोखला की ट्रकच्या एक्सलवरच्या दोन्ही वेळच्या वजनांचा फरक काढून टंग वेट समजतं.

माप घेताना टेप घेऊनच जा, सेल्समनच्या "बसेल हो" वर जाऊ नका. गॅरेजची लांबी ब्रोशरमध्ये डायनेट (जेवायचं टेबल आणि बाकं) दुमडून धरलेली असते, तुम्ही स्वतः दुमडून मोजा. रुंदी तीन ठिकाणी घ्या: मागच्या दाराच्या चौकटीत, चाकांच्या उंचवट्यांमध्ये, आणि कपाटांच्या हँडलपाशी, जी सगळ्यात कमी तीच खरी. उंची बेड छताला लावल्यावर मोजा कारण इलेक्ट्रिक बेड वर गेला तरी त्याची जाडी तिथेच लोंबते. आणि एक गोष्ट जी कोणी सांगत नाही, गाडी आत चालवत नेल्यावर तुम्ही बाहेर कसे येणार? आतली रुंदी ८४ इंच आणि गाडी ६४ इंची असेल तर दोन्ही बाजूंना दहा-दहा इंच उरतात, गाडीचं दार उघडत नाही, मग गाडीच्या लोखंडी पिंजऱ्यातून अंग चोरत बॉनेटवरून उतरायचं. तरुणपणी मजा येते. पन्नाशीत विंचने ओढून घेणं बरं, त्यासाठी पुढच्या भिंतीला फ्रेमपर्यंत पोचणारा हुक आहे का बघा.

तसंच जमिनीतल्या डी-रिंग्ज, म्हणजे गाडी बांधायच्या कड्या. ट्रेलरखाली आडवं होऊन बघा, बोल्ट स्टीलच्या फ्रेममध्ये गेलाय की नुसता प्लायवुडमध्ये आणि खाली एक वॉशर. दुसरं असेल तर जोरात ब्रेक मारल्यावर गाडी पुढच्या किचनमध्ये येऊ शकते. बांधायला चार रॅचेट पट्टे लागतात, आणि पट्ट्यावर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा तुटण्याचा असतो, वापरायची मर्यादा त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी, ती बारीक अक्षरात असते.

पेट्रोलचं काय? गॅरेजमध्ये पेट्रोलची गाडी आणि तिथेच रात्री झोपायचं, त्यामुळे वास येतो म्हणजे वाफ आहे, आणि ती हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साठते. गाडी बाहेर काढून रॅम्प आणि खिडक्या उघड्या ठेवून हवा जाऊ द्या, तोपर्यंत गॅसची शेगडी किंवा हीटर पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहे ना ते बटण दाबून बघा, त्यावर एक्सपायरी पण असते. जनरेटर दार-खिडकीजवळ लावू नका. बीएलएमच्या (केंद्र सरकारच्या जमीन खात्याच्या) मोकळ्या जमिनीवर वीज-पाणी काही नसतं, बहुतेक ठिकाणी २८ दिवसांत १४ दिवस राहता येतं, पण ॲरिझोनाच्या गरमीत एसी लागणारच. २,२०० वॉटच्या छोट्या जनरेटरवर १३,५०० बीटीयूचा एसी चालवायचा तर सॉफ्ट स्टार्ट (एसी हळूहळू सुरू करणारं यंत्र) बसवून घ्या, नाहीतर सुरू होतानाच धाप टाकतो.

ब्रेकचा नियम राज्यागणिक बदलतो, कॅलिफोर्नियात १,५०० पाउंडांच्या वर कॅम्पिंग ट्रेलरला ब्रेक लागतात, ॲरिझोनात ३,००० च्या वर. पण साइड-बाय-साइड आत असेल तर नियम न बघता इलेक्ट्रिक ब्रेक आणि गाडीत ब्रेक कंट्रोलर (ट्रेलरचे ब्रेक चालवणारं यंत्र) घ्याच, घासाघीस दुसरीकडे करा. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढताना वेगमर्यादा ताशी ५५ मैल आहे हे पण लक्षात असू द्या.

बजेट कमी असेल तर माझं मत सरळ आहे, ७ बाय १४ चा दोन एक्सलवाला बंद कार्गो ट्रेलर घ्या. दोन्ही एक्सल ३,५०० पाउंडांचे, एकूण मर्यादा ७,०००, आणि रिकामा ट्रेलर टॉय हॉलरच्या मानाने बराच हलका, म्हणजे सामानाला भरपूर वाव. आत दुमडता पलंग, इन्सुलेशन, छताला एक पंखा आणि बॅटरीवरचे दिवे एवढं केलं की वीकेंड निघतो. संडासची सोय नाही, आणि थंडीत भिंतींना आतून पाणी सुटतं, घरच्यांना ते आधीच सांगून ठेवा.

जुना टॉय हॉलर बघत असाल तर रॅम्पच्या बिजागरीजवळची जमीन बुटाच्या टाचेने दाबत जा, पाणी आधी तिथेच मुरतं आणि प्लायवुड मऊ लागतं. रॅम्पच्या केबल आणि स्प्रिंग गंजलेत का बघा. टायरवर डीओटीच्या शेवटी चार आकडे असतात, ३५१९ म्हणजे २०१९ चा ३५ वा आठवडा. पाच-सहा वर्षांच्या वरचे टायर असतील तर नक्षी कितीही छान दिसो, स्पेअर धरून सगळ्यांचा खर्च किमतीतून कमी करून मागा.